परवानगी फक्त पार्सलची

कोल्हापुरात असं एकही हॉटेल नाही, ज्यात माझ्या बायकोच्या मामांनी जेवणाआधी जिना मोजलेला नाही. लोक आत शिरल्यावर मेनूकार्ड शोधतात, मामा मागचं दार शोधतात. ते सापडलं नाही तर मालकाला शोधतात. हॉटेलं, खानावळी, बार आणि वडापावच्या टपऱ्या यांनी कुठं असावं, धूर कुठं सोडावा, गिऱ्हाइकाची गाडी कुठं लावावी, याचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ. मामी गेल्यापासून ते दोन्ही वेळा बाहेरच जेवतात, त्यामुळे या तपासणीला सणासुदीलाही सुट्टी नसते.

मामा मूळचे चित्रकलेचे मास्तर. हा छंद त्यांना निवृत्तीनंतर जडला. शहराच्या विकास आराखड्याचे नकाशे हरकती-सूचनांसाठी महापालिकेत भिंतीवर लावले होते आणि आपल्या प्लॉटवरून रस्ता जातोय का ते बघायला सगळं गाव लोटलं होतं. मामा मात्र हात मागे बांधून चित्रप्रदर्शनाला आल्यासारखे उभे. रहिवासी भाग पिवळा, व्यापारी भाग निळा, बागा हिरव्या. शेजारचा माणूस ‘माझं घर गेलं की ओ’ म्हणून कपाळ बडवत होता आणि मामा त्याला सांगत होते, ‘पण निळा बघा की, कुठं डाग म्हणून न्हाय.’ त्यांनी दिलेली पहिली हरकत ‘बागांचा हिरवा फार उदास आहे’ अशी होती. ती रीतसर शिक्का मारून घेतली गेली आणि तिथूनच मामांचा सरकारवर विश्वास बसला. रंग कशासाठी दिलेत ते कळावं म्हणून त्यांनी नियम वाचायला घेतले आणि मग ते कायमचे बिघडले.

एका मिसळीच्या हॉटेलात मामा बसण्याआधी मागच्या बोळात गेले आणि चिमणीकडं मान वर करून बराच वेळ बघत राहिले. मालक झारा हातात घेऊनच बाहेर आला आणि म्हणाला, ‘पावणं, मिसळ खायला आलाय का हाटेल पाडायला?’ मामा शांतपणे म्हणाले, ‘आधी मिसळ द्या. पाडायचं मग बघू.’ दुसऱ्यांदा कट मागवल्यावर मात्र त्यांनी ती चिमणी शेजाऱ्याच्या खिडकीसमोरून हलवण्याचा नकाशा तिथल्या कागदी रुमालावर काढून दिला, छायाप्रकाशासकट. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही त्यांना गच्चीवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये नेलं. सूप येईपर्यंत त्यांना शोध लागला होता की आगीच्या वेळी उतरायच्या जिन्यात कांद्याची पोती भरली आहेत. त्यांनी कोट काढला आणि पहिलं पोतं स्वतः उचललं. म्हाताऱ्या माणसाला एकट्याला कसं उचलू द्यायचं म्हणून शेजारच्या टेबलावरचे दोघं उठले, मग त्यांच्या बायका, मग एका साखरपुड्याला आलेली अख्खी मंडळी. मॅनेजर आला तेव्हा हॉटेलातलं निम्मं गिऱ्हाईक रांगेत उभं राहून हातोहात पोती खाली पोचवत होतं आणि नवरामुलगा वरून ‘सांभाळून’ म्हणत होता. सूप गार झालं, पण असा वाढदिवस आमच्या घरात पुन्हा झाला नाही.

बारचं प्रकरण तर गल्लोगल्ली गाजलं. मामा दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत. पण नवा बार शाळेच्या फार जवळ आहे अशी शंका आल्यावर ते भर दुपारी टेप घेऊन निघाले. शाळेच्या फाटकाशी स्वतः उभे राहिले आणि टेपचं दुसरं टोक धरायला बारमधूनच दोन उत्साही गृहस्थ बाहेर आले. शाळेपासून बारपर्यंतचं अंतर एक भरलं, बारपासून शाळेपर्यंतचं निराळंच. दोघांत त्यावरून भांडण जुंपलं. मामांनी निवाडा दिला, ‘जाताना माणूस सरळ जातंय, येताना न्हाय.’ बारमालकालाही हसू आवरेना.

अशा माणसाच्या समोरच्याच घरात भाभी राहतात. डोळ्यांमुळे नवऱ्याचं शिवणकाम बंद पडलं, तेव्हा त्यांनी खालच्या खोलीत बिर्याणी आणि पांढऱ्या रश्श्याचं पार्सल सुरू केलं. रस्सा असा की मोटारसायकलींनी गल्ली तुंबायला लागली. कोपऱ्यावरच्या नव्या अपार्टमेंटनं तक्रार केली, महापालिकेची नोटीस आली आणि तक्रारदार मोठ्या विश्वासानं मामांकडं आले. मामा ‘बघतो’ म्हणाले आणि थेट भाभींच्या चुलीपाशी गेले. त्यांनी चिमणी उंच करायला लावली, गाड्यांसाठी अंगण मोकळं करून घेतलं. भाभींनी सगळं निमूट केलं, कारण घर त्यावरच चालत होतं. उरली फक्त रस्त्याची रुंदी. गल्ली पुरेशी रुंद असेल तरच धंद्याला परवानगी.

मोजायला महापालिकेचा तरुण इंजिनिअर आला, तेव्हा मीही तिथं होतो. गल्ली सगळीकडं पुरली, एका जागी मात्र जराशी कमी भरली. तिथं रस्त्यात एक दगडी कट्टा पुढं आला होता. ‘सर, हा कट्टा कुणाचा?’ त्यानं विचारलं.

‘माझा,’ मामा म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

गावभर हिंडून लोकांचे जिने मोजणाऱ्या या माणसाला दारातलं अतिक्रमण दिसलं नव्हतं. दिसणार तरी कसं? कट्टा मामींनी बांधून घेतला होता. संध्याकाळी त्या तिथं मेथी निवडत बसायच्या आणि निम्मी गल्ली त्यांच्याभोवती गोळा व्हायची. इंजिनिअर भला माणूस होता. एवढ्याशानं काय होतंय, मी टेप जरा सैल धरतो, असं तो म्हणाला. मामांनी कट्ट्यावर एकदा हात फिरवला. मग म्हणाले, ‘ताणून धरा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गवंडी बोलावला. भाभी धावत रस्त्यात आल्या. ‘सर, नका फोडू. ताईंचा कट्टा हाय त्यो. मी दुसरीकडं जागा बघते.’

‘नकाशात न्हाय त्यो,’ मामा म्हणाले आणि घाव सुरू झाले तसे आत जाऊन बसले.

भाभींना परवानगी मिळाली, फक्त पार्सलची. त्या दिवशी दुपारी मी मामांबरोबर तिथं गेलो. मामांसाठी भाभींनी दुकानात खुर्ची टाकली होती. मामांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बसवून वाढायची परवानगी नाही, असं म्हणून डबा भरून मागितला. भाभींनी डबा घेतला, पण भरला नाही. मधलं दार उघडून त्या म्हणाल्या, ‘हिकडं या. हे दुकान न्हाय, माझं घर हाय. घरात माणूस जेवाय बसला तर कुठला कायदा मोडतोय, सांगा.’

मामा उंबऱ्यापाशी विचार करत उभे राहिले. सगळे नियम पुन्हा एकदा चाळत असावेत. ‘तसा नियम न्हाय,’ शेवटी म्हणाले आणि त्यांनी चपला काढल्या.

आम्ही भाभींच्या नवऱ्याशेजारी जमिनीवर बसलो. मामांनी रश्श्याची वाटी संपवली तशी भाभींनी ती न विचारता पुन्हा काठोकाठ भरली. मामा त्या वाटीकडं बघत राहिले.

‘आमची ही बी इचारायची न्हाय,’ ते म्हणाले. ‘वाढायचीच.’

भाभींनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि भात वाढला. ‘उद्या जरा लवकर या,’ त्या म्हणाल्या, ‘भाकरी गरम मिळंल.’

मामांनी मान हलवली आणि भाताला आळं केलं.