माझ्या हातची कांजी

बायको परगावी गेली आणि माझी तब्येत सुधारली. हेच माझ्या मुळावर आलं.

आमच्या अश्विनीचं पहिलं बाळंतपण खरं तर नाशिकलाच व्हायचं. पण डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हणून सांगितलं, आणि माहेरच उठून बंगळुरूला गेलं. माहेर म्हणजे सुनंदा, माझी बायको. माहेरात वडील धरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. डिंक, अळीव, खारीक, खोबरं, जुन्या साड्यांच्या दुपट्यांचं गाठोडं असं सगळं घेऊन ती गेली आणि मला ठेवून गेली. (सामानात जागा नव्हती.)

सातपूरच्या कारखान्यातून मी नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. जन्मभर मशीनच्या आवाजावर ओरडून बोललेला माणूस मी. आता घरात आवाज म्हणावा तर फक्त फ्रिजचा. तोही मधेच बंद पडायचा. मग मी उठून त्याचं दार उघडून बघायचो. आत काही नसायचं, पण दिवा लागायचा. खायला सकाळी चहा-खारी, दुपारी चहा-खारी, आणि रविवारी बदल म्हणून मिसळ. पण मिसळ खायला एकट्याने जाऊ नये. समोरच्या खुर्चीवर कुणीतरी अनोळखी माणूस बसतो आणि सगळा वेळ आपल्या रश्श्याकडे बघतो. मग मी तिथेही जाणं सोडलं.

सुनंदाचा फोन रविवारी सकाळी यायचा.

"कसे आहात?" तिने विचारलं.

मी 'करमत नाही' म्हणणार होतो. शप्पथ! पण आमच्या पिढीत बायकोला असलं काही सांगायची पद्धत नव्हती, तेसुद्धा एसटीडीच्या मीटरवर. म्हणून म्हणालो, "कसा असणार! खारीवर जगतोय. पँट सैल झालीय."

(म्हणजे, ये आता परत. याहून स्पष्ट काय बोलायचं?)

"अगं बाई! थांबा, बघते मी," म्हणून तिने फोन ठेवला. मी खूश! तिला आणायला स्टेशनवर जायचं म्हणून दाढीसुद्धा केली.

बुधवारपर्यंत सुनंदा आली नाही. आल्या शेजारच्या लिसीताई. या केरळच्या, यांचा नवरा थॉमस माझ्याच खात्यात होता. हातात झाकलेलं पातेलं.

"सुनंदाताईंचा फोन आला होता. ही तांदळाची कांजी घ्या, सोबत हिरवे मूग आणि खोबऱ्याची चटणी. आमच्याकडे रोजचं आहे. पोटाला हलकं."

त्या जातात न जातात तोच वरच्या मजल्यावरच्या मिश्रा भाभी तांब्या घेऊन उतरल्या. या बिहारच्या. तांब्यात भाजलेल्या चण्याचं पीठ पाण्यात कालवलेलं, वर कांदा, लिंबू, काळं मीठ. "भाईसाब, सत्तू है. एक गिलास पी लीजिए, दोपहर तक भूख का नाम नहीं!"

आणि दुपारी सायखेड्याहून माझी थोरली बहीण, अक्का. बाजाराच्या दिवशी ती भाजी घेऊन नाशिकला यायची, ती या वेळी नागलीच्या आंबिलीची बरणी काखेत मारूनच आली. "लय वाळला रे तू! सुनंदीचा फोन आला तवा जीव नुसता वरखाली झाला. पी आधी!"

बायको बोलवायला गेलो आणि आहार आला.

निम्मंनिम्मं संपवलं आणि भांडी विसळायला घेतली, तेव्हा खरी पंचाईत झाली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या घरची सक्त शिस्त. सुनंदा त्यात वडी, लाडू, गेलाबाजार लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी तरी घालायची. मला लोणच्याची बरणी सापडेना. मग मी विचार केला. (मी विचार केला की असं होतं!) उरलेली कांजी भाभींच्या तांब्यात ओतली. सत्तू अक्काच्या बरणीत. आंबील लिसीताईंच्या पातेल्यात. भांडी ज्याची त्याला परत केली, एक थेंब वाया नाही! निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हातून काही उत्पादन झाल्यासारखं वाटलं.

लिसीताई संध्याकाळी परत आल्या. "भाऊ, ते ताकातलं काय होतं? तुम्ही केलंत?"

मी नाही म्हणणार होतो. पण त्या खुर्ची ओढून बसल्या होत्या! सुनंदा गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर उठून गेल्या असत्या. "जमतं थोडंफार," मी म्हणालो. त्या खूप वेळ बसल्या, माहेरच्या नदीबद्दल बोलल्या, आणि मी मान डोलावत राहिलो. भाभींनी तर जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "इतना बढ़िया! भाईसाब, आप तो छुपे रुस्तम निकले!" पुढच्या बाजारी अक्काही सत्तूवर खूश. बहिणीलाही मी खरं सांगितलं नाही.

मग काय, कारखानाच सुरू झाला! इकडून आलं की तिकडे, तिकडून आलं की पलीकडे. प्रत्येक भांड्यामागे थोड्या गप्पा मिळायच्या. त्यात खारी सुटली, आणि डॉक्टर म्हणाले, साखर चक्क उतरलीय. मी पेढे वाटणार होतो. डॉक्टरांनी तेवढं नको म्हणून सांगितलं.

महिनाभराने एका रविवारी फोनवर सुनंदाचा आवाज वेगळाच.

"आंबील करता म्हणे. भाभींना कांजी पाठवता."

"ते... अगं..."

"मी तापाने फणफणत होते तेव्हा कपभर चहा मिळाला नाही मला."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो.

"आणि साखरही उतरली म्हणे. म्हणजे इतकी वर्षं माझ्या हातचंच बाधत होतं." तिने नाक ओढलं. "बरं झालं. मी आता चांगली पाच-सहा महिने राहते इथे. तुमचं काही अडत नाही."

फोन ठेवला तिने. रडत होती, हे मला कळलं होतं. मी तिथेच बसून राहिलो. तिन्ही भांडी त्या दिवशी मी उघडलीच नाहीत.

त्याच्या पुढचा रविवार उजाडला. सकाळीच भाभी आल्या. "भाईसाब, ससुरजी आ रहे हैं. कांजी सिखा दीजिए." मागोमाग पातेलं घेऊन लिसीताई. "कांजी? भाऊ, तुम्हीपण करता?" तोवर बाजार नसतानाही अक्का बरणीसकट दारात. "कांजी कशाची? ह्यो तर सत्तू करतो झकास!"

"सत्तू?" भाभी म्हणाल्या.

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मग माझ्याकडे. आता करून दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी कुकर काढला, गळ्यापर्यंत मूग भरले, उरलेल्या जागेत पाणी घातलं आणि झाकण लावलं. तिघी गप्प बसून बघत होत्या. (एकीने तरी अडवायचं!) शिट्टी काही होईना. कुकर मात्र थरथरायला लागला. आणि मग जो फाडकन आवाज झाला, तो आमच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्येही मी कधी ऐकला नव्हता. वाफ, फेस, आणि छतभर हिरवे मूग!

तेवढ्यात भाभींनी लिसीताईंच्या पातेल्यातलं चमचाभर चाखलं. "अरे! ये तो वही है!"

आणि फोन वाजला. मी पोचायच्या आत अक्काने उचलला.

"सुनंदे, अगं ह्याला काय बी येत नाय! आमचंच आमाला खाऊ घालीत व्हता! हितं छताला मूग चिकटल्यात, ये बघायला!"

पलीकडून हसणं ऐकू आलं. थांबेचना. मग अक्काने रिसीव्हर माझ्या हातात कोंबला.

"मग सरळ का नाही सांगितलंत?" सुनंदा म्हणाली.

"सांगितलं की. खारी खातोय म्हणून."

"हे सांगणं झालं?"

अंगावर फेस, समोर तीन बायका, तिघीही कान टवकारून. मी भिंतीकडे तोंड केलं. "मला करमत नाही तुझ्यावाचून."

"लाज हाय का नाय रे या वयात!" अक्का ओरडली आणि पदराने डोळे पुसायला लागली. भाभींनी लिसीताईंना अर्थ विचारला. लिसीताईंनी तो हिंदीत खणखणीत आवाजात सांगितला. म्हणजे वरच्या मजल्यापर्यंत जाहीर झालं.

मग सुनंदा हळूच म्हणाली, "मला बाळंतीण लेकीला टाकून येता नाही यायचं. तुम्हीच या ना."

मनमाडहून गाडी पकडून गेलो. तिथे घर माणसांनी भरलेलं, आणि सगळी माणसं बाळाभोवती. जावयांच्या आई कानडी. त्यांनी मी हातपाय धुतो न धुतो तोच नाचणीच्या उकडीचा चेंडूएवढा मुद्दा आणि सारू म्हणजे पातळ आमटी पुढे ठेवली. संध्याकाळी जावयांनी दहीभात खायला लावला. सुनंदा दिवसभरात फक्त दारातून येता-जाता दिसली. एकदा हसली, एकदा ओली दुपटी माझ्या हातात देऊन गेली. मी ती गॅलरीत वाळत घातली आणि तिथेच उभा राहिलो.

निजानीज व्हायच्या सुमाराला ती बाहेर आली. दमलेली. "जेवलात का हो?"

मी दोनदा जेवलो होतो. मुद्दा अजून गळ्याशी होता.

"नाही," मी म्हणालो.

तिने ताट वाढलं आणि समोर बसली. मी सगळं संपवलं. आणि ती उठायला लागली तसा आणखी भात मागितला.