मोडल्याशिवाय न कळणारा सांधा

लवंगी चिडली की आधी हातातलं हत्यार खाली ठेवायची आणि मगच तोंड उघडायची. कार्यशाळेत हे सगळ्यांना पाठ होतं. तिने पटाशी बाकावर ठेवली की रंगारी ब्रश धुवायला बाहेर सटके आणि विमानाची मोटार बघणाऱ्याला एकाएकी ऐकू येईनासं होई.

त्या दिवशी पटाशी ठेवली गेली ती थेट संग्रहालयाच्या अध्यक्षांसमोर.

"उडवणार? कोणाला विचारून?"

"अहो, पन्नास वर्षं होतायत आपल्या या विमानाच्या पहिल्या फेरीला," अध्यक्ष म्हणाले. "समारंभ आहे. खुर्च्यांवर जुने प्रवासी बसवायचे आणि शहरावरून एक चक्कर. चालवणार कोण, तर तुमचेच दादा! तुम्हाला आनंद व्हायला हवा."

"माझ्या आनंदाचं मी बघेन. आधी मला पंख उघडू द्या."

विमान होतंच तसं कौतुकाचं. विमानांतून फक्त टपाल जायचं, त्या काळात कोणा धाडसी माणसाने खालच्या-वरच्या पंखांच्या मध्ये एक छोटी खोली बसवली, तिला खिडक्या केल्या, आत वेताच्या खुर्च्या मांडल्या आणि चक्क तिकिटं विकली. प्रवासी आत, वैमानिक बाहेर उघड्यावर. चढण्याआधी सामानासोबत माणसांचंही वजन व्हायचं, आणि कानांत घालायला कापूस मिळायचा. लवंगीचे वडील या विमानाचे सुतार होते. उड्डाणं बंद झाल्यावर विमान एका ओलसर गोदामात धूळ खात पडलं. संग्रहालयाने ते उचलून आणलं तेव्हा दुरुस्तीला लवंगीला बोलावलं, कारण वडिलांचा धंदा तिने उचलला होता. दादा वैमानिक झाला होता.

तिचा राग होता तो त्या ओलीवर. पंखाच्या आत एक लांब लाकडी तुळई असते. सगळा भार तिच्यावर. तिचे तुकडे सरसाने चिकटवलेले, आणि त्या काळी हा सरस दुधापासून करत. कोरडा असेल तोवर दगड, पण ओल लागली की आतून कुजतो. वरून सांधा जसाच्या तसा दिसतो.

संग्रहालयाचा इंजिनिअर काही मूर्ख नव्हता. त्याने पंखावर वाळूची पोती रचून पाहिली होती. पंख तसूभर हटला नव्हता.

"आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?" त्याने विचारलं.

"पोती थरथरतात का? मोटार थरथरते. आणि पंखाच्या मुळाशी ठोकल्यावर आवाज बद्द येतो, त्याचं काय?"

"तिथे आत ठोकळा असणार, म्हणून येतो."

"असणार! उद्या माझा भाऊ वर असणार आणि तुमचा ठोकळाही असणार!"

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि विषय संपला. लवंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच दादाच्या घरी गेली. दादा टेबलाशी बसून बूट पॉलिश करत होता. समारंभासाठीच, दुसरं काय.

"दादा, नाही म्हणून सांग त्यांना."

"का? तू म्हणतेस म्हणून?"

"सांधा कुजला असेल तर?"

"आणि नसेल तर? अगं, पोती ठेवून पाहिली ना!" दादाने बूट खाली आपटला. "खरं सांगू? बाबांनी मला लहानपणी त्यातून फिरवलं आणि तुला खाली ठेवलं, तो डूख तू अजून धरून बसली आहेस."

वहिनी आतून धावत आली. "अहो, काय बोलताय! वन्सं, तुम्ही बसा आधी."

वन्सं बसल्या नाहीत. खरं तर तो घाव बरोबर बसला होता. त्या दिवशी मैदानाच्या कुंपणाला धरून ती घसा बसेपर्यंत रडली होती, आणि बाबा म्हणाले होते की जागा एकच उरली होती. मुलीला कशाला, असंही कोणीतरी म्हणालं होतं. ती ते विसरली नव्हती. पण म्हणून सांधा चांगला ठरत होता का?

"हो, धरलाय डूख!" ती म्हणाली. "आणि तरीही तू जिवंत राहायला हवा आहेस मला. कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळा उघडताच तिने चाकू घेतला आणि पंखाच्या मुळाशी ताणून बसवलेलं कापड सरळ कापून काढलं. मग तुळईवरची पातळ फळी पटाशीने उचलायला घेतली. रंगारी ओरडत अध्यक्षांकडे पळाला. अध्यक्ष, इंजिनिअर आणि सरावासाठी आलेला दादा एकदमच आत आले.

"वेड लागलंय का तुम्हाला?" अध्यक्ष किंचाळले.

"थांबा." लवंगीने सांध्याचा एक तुकडा कापून शिकंज्यात धरला. "सरस कुजला असेल तर दोन लाकडं स्वच्छ सुटतील. चांगला असेल तर सरस हटणार नाही, लाकूड फाटेल."

तिने जोर लावला. काडकन आवाज झाला.

लाकूड फाटलं होतं. तुकड्याला लाकडाच्या लांब चिरफळ्या लोंबत होत्या. सरस पन्नास वर्षांनीही घट्ट होता, आणि आत, इंजिनिअर म्हणाला होता तिथेच, ठोकळा होता.

बरोबर ठरलेल्या इंजिनिअरनेही मान खाली घातली. लवंगीला तुकडा फेकून द्यावासा वाटला.

"झालं समाधान?" अध्यक्ष पुढे सरसावले. "चांगला पंख फोडलात! चालत्या व्हा इथून. मी बाहेरून सुतार आणतो, तो ठिगळ लावेल, आणि समारंभाला विमान उडेल."

"हा एक सांधा चांगला निघाला," लवंगी म्हणाली. "बाकीचे सगळे तसेच आहेत. मोडल्याशिवाय मला कळणार नाही, आणि मोडला की तो उडायच्या कामाचा राहत नाही. मग मी काय करू, ते तरी सांगा!"

"मी सांगतो," दादा म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तो बहिणीकडे बघतही नव्हता. "बाहेरचा सुतार आणणार असाल तर वैमानिकही बाहेरचाच आणा."

"तुम्हीसुद्धा? अहो, सांधा चांगला निघालाय!"

"दिसतंय मला. पण आता तिथे भोक आहे, आणि ते भोक हिच्याशिवाय दुसऱ्या कोणी बुजवलं तर मी वर जाणार नाही. आणि ही बुजवेल, पण उडा म्हणणार नाही. ओळखतो मी हिला."

समारंभात विमान जमिनीवरच राहिलं. म्हातारे प्रवासी वेताच्या खुर्च्यांवर बसले, मोटार धडधडली, फोटो निघाले. अध्यक्षांनी लवंगीला नमस्कारसुद्धा केला नाही. कामावरून मात्र काढलं नाही, कारण पंख उघडाच होता.

समारंभानंतर लवंगी ती फळी परत बसवत असताना दादा आला. सांधा फोडला त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता.

"एकदाच उडायचं होतं मला त्यातून, स्वतःच्या हाताने," तो म्हणाला. "तेवढंही तू होऊ दिलं नाहीस."

"नाही दिलं. आणि पुन्हाही नाही देणार."

"माफी मागायची रीत असते एक."

"मागत नाहीये मी माफी. सरस सुकत चाललाय, फळीचं ते टोक धर."

दादाने कोट काढून बाकावर टाकला आणि टोक धरलं.

"नुसतं धरू नकोस," ती खेकसली. "दाब!"