जाईच्या कळीची जोडवी

बकुळाबाई वर्षातून तीनच दिवस सवाष्ण असायची. चैत्राच्या नवरात्रात, देवासला माताजींच्या टेकडीखाली जत्रा भरायची तेवढे तीन दिवस. एरवी धारला ती विधवाच.

आता हे काय गौडबंगाल, म्हणाल. ऐका.

नवरा सोनार. पहिल्या प्लेगात दोन दिवसांत आटोपला. दुकान धाकट्या दिराकडे, कृष्णाजीकडे गेलं. पण कृष्णाजीचा हात तागडी धरण्यापुरता. घडाई सगळी बकुळाबाईची. नवऱ्याशेजारी बसून शिकली होती ती. चांदीची तार जंत्रीच्या पोलादी पट्टीतल्या भोकाभोकांतून ओढून बारीक करायची, विस्तवावर धरून मऊ पाडायची आणि तीन वेढे देऊन जोडवी वळायची. सगळं मागच्या खोलीत, दाराआड. पुढे गिऱ्हाईक म्हणायचं, "काय हात आहे, भिया, तुमचा!" आणि हा निर्लज्ज मान डोलवून ते स्वतःकडे घ्यायचा.

पण जोडवी नुसती विकून भागत नाही. बाईच्या बोटात घालून, चिमट्याने बेताने दाबून बसवावी लागतात. परक्या पुरुषाच्या हाती पाय द्यायला बायका लाजत. देवासच्या जत्रेतून कृष्णाजी निम्मा माल परत आणायचा. एका वर्षी मग तोच म्हणाला, "वहिनी, देवासला तुम्हाला कोण ओळखतंय? कपाळाला बोटभर कुंकू लावलंत तर काय आभाळ कोसळणार आहे?"

बकुळाबाईला ते रुचलं नाही. पण गेली. शेजारच्या कासारणीच्या गाडीतून गेली, वाटेतच तिच्याकडून बांगड्या भरून घेतल्या, कुंकू लावलं, आपणच घडवलेली जोडवी आपल्या बोटांत घातली. तिसऱ्या दिवशी बायकांची रांग लागली. "धारवाली सोनारीण, बाई हाताची शकुनी आहे," असा बोलबाला झाला. सगळा माल खपला. आभाळ काही कोसळलं नाही.

आणि हाच कृष्णाजी, बरं का, दोन वर्षांनी इंदूच्या लग्नात काय म्हणाला? इंदू ही बकुळाबाईची एकुलती एक. तिच्यासाठी आईने महिनाभर डोळे फोडून जोडवी घडवली होती, टोकाला जाईची इवलीशी मिटलेली कळी. तर कृष्णाजी म्हणाला, "वहिनी, तुम्ही मांडवात येऊ नका. घरचं कार्य आहे, अपशकुन नको. जोडवी आमची मंडळी घालतील."

घरचं कार्य म्हणे! आणि जत्रेतल्या त्या शंभर बायका काय वाऱ्यावर पडल्या होत्या?

बकुळाबाई मांडवात गेली नाही. पण कळीची जोडवी दिली नाहीत. दुकानातली साधी पुढे केली. ही आपल्या हातानेच घालायची, मरायच्या आधी एकदा, एवढं एकच तिने मनाशी धरलं. बाकी काही मागणं नव्हतं तिचं.

इंदूला देवासलाच दिली होती. दोन वर्षं माहेरी पाठवली नव्हती. मागल्या जत्रेत बकुळाबाईने कळीची जोडवी चंचीत घालून वाट पाहिली, इंदू फिरकली नाही. यंदा अष्टमीला सकाळी मात्र समोर एक जाडजूड बाई येऊन उभी राहिली, "धारवाली सोनारीण ती तुम्हीच ना?" आणि तिच्या मागे, डोक्यावर पदर घेतलेली, इंदू.

ती बाई म्हणजे उमाबाई, इंदूची सासू. तिने विहिणीचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. माळव्याच्या रीतीने वरातीबरोबर नुसते पुरुष आले होते.

"आमची सूनही धारचीच हो," उमाबाई म्हणाली. "हिची जोडवी झिजलीत. तुमच्या हाताने नवी घाला. दोन वर्षं झाली, अजून कूस उजवली नाही. तुमचा हात शकुनी आहे म्हणतात."

"बसा की बाई," बकुळाबाई म्हणाली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही. हात आपोआप चंचीकडे गेला.

उमाबाई शेजारच्या नारळवाल्याशी घासाघीस करायला वळली. इंदू वाकून कुजबुजली, "आई, हे काय कपाळावर? पूस आधी ते."

"एकदाच घालू दे ग, इंदे. लग्नात घालू दिली नाहीत मला."

"नको. आई, नको ना."

"अग, बस की खाली!" सासू मागून ओरडली. "ऊन चढतंय."

इंदू बसली. बकुळाबाईने तिचा पाय मांडीवर घेतला. लहानपणी काटा काढायला घ्यायची तसाच. झिजलेली जोडवी उतरवून तिच्या ओटीत टाकली, कळीची चढवली, हलकेच दाबली. इंदू डोळे घट्ट मिटून काहीतरी पुटपुटत होती. लेकीला भरून आलंय, बकुळाबाईला वाटलं. तिच्याही डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं.

"किती झाले?" उमाबाईने विचारलं.

"काही नको. माझा नवस होता." नवरा गेल्यापासून सहा वर्षांत एवढं सुख तिला झालं नव्हतं. इंदू टेकडीच्या पायऱ्यांकडे गेली, वळून पाहिलं नाही. सासू बरोबर आहे, कशी पाहील, असं आईने मनाचं समाधान केलं.

दुपारी एक माळवी पोरगी नाचत आली. नव्या लग्नाची असावी. "काकी, ऊपर झाडी में पडी थी. म्हारे पेरई दो!" मला घाला म्हणत होती.

तिच्या तळहातावर कळीची जोडवी होती. दोन्ही. दगडाने ठेचून तोंडं उघडलेली, एक कळी पार चपटी झालेली. एकदा दाबून बसवलेलं जोडवं आपसूक गळत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

तेव्हा तिला ते पुटपुटणं उमगलं. कानावर तर सकाळीच पडलं होतं: "अंबाबाई, ह्यांना सांभाळ. ह्यांना सांभाळ." नवऱ्यासाठी भाकत होती पोर. आईचा हात लागला म्हणून.

पोरगी पाय पुढे करून बसलीच होती. बकुळाबाईने कळी चिमट्याने जमेल तेवढी सरळ केली आणि जोडवी तिच्या बोटांत घातली. पोरीने पाया पडून आशीर्वाद मागितला. "अखंड सौभाग्यवती हो," बकुळाबाई म्हणाली.

मग उरलेला माल गुंडाळला. नवमीला थांबली नाही. परतीच्या गाडीत कासारीण बांगड्या उतरवू लागली तर म्हणाली, "राहू दे, मीच फोडते." चाकाच्या लोखंडी धावेवर हात आपटला.

धारला कृष्णाजीने आधी माल पाहिला, तोंड वाकडं केलं. मग आठवण झाल्यासारखं विचारलं, "इंदू भेटली का? ओळख दिली का तिने?"

"बाकी सगळ्या मला सवाष्ण समजल्या, भावजी," बकुळाबाई म्हणाली. "तिने तेवढं ओळखलं."

आणि ती मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं.