पुतळाबाईचा उजवा हात

पुतळाबाईला लकवा मारला तो चिकलठाण्यातल्या एका बांधकामावर, विटांची पाटी डोक्यावर घेताना. वाकडं झालेलं तोंड सावरलं, पाय ओढत का होईना चालू लागला; पण उजवा हात खांद्यापासून लोंबकळतच राहिला. नवरा खंडेराव शेजारच्या सोसायटीत वॉचमन होता. सकाळी रात्रपाळीवरून आला की तोच तिची वेणी घालायचा. जन्मभर मेंढरं कातरलेला माणूस तो, वेणी वाकडीच यायची.

"मेंढी समजून धरलं काय मला?" ती म्हणायची.

"मेंढी गप बसती," खंडेराव म्हणायचा.

धनगराचं बिऱ्हाड ते. बिडकीनच्या पल्याडच्या माळावर त्यांची मेंढरं आणि दुधापुरत्या दोन-चार शेळ्या चरायच्या. दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना, तेव्हा सगळा कळप लासूर स्टेशनच्या बाजारात गेला. दोघं शहरात आली, ती पाऊस पडला की परतू या बोलीवर. पाऊस पडला, पण तोवर कारखान्यांसाठी माळावरून रुंद डांबरी रस्ते गेले होते.

व्यायामासाठी ती ज्या दवाखान्यात जायची, तिथं सई नावाची एक इंजिनियर बाई लकव्याच्या माणसांवर नवा प्रयोग करत होती. तिनं पुतळाबाईच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि उजव्या हातात एक जाड हातमोजा घातला.

"मावशी, हात हलत नसला तरी हलवायचा विचार करता येतो," सई म्हणाली. "तसा विचार केला की डोक्यातली हात हलवणारी जागा जागी होते. टोपीला ते कळतं, मग मोजा तुमची बोटं मिटवतो. असं रोज झालं की कधीकधी हाताला पुन्हा वाट सापडते. कधीकधी नाहीही सापडत. समजा, हातात चेंडू आहे. तो दाबा."

पुतळाबाईनं डोळे मिटून चेंडू दाबला. मोजा ढिम्म. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"मावशी, तुम्हाला हात दिसतोय का?"

"दिसतो ना. समोर पडल्याला दिसतो."

"तिथंच अडतंय. लांबून बघू नका. आतून करा. बोटांना कसं लागतं, जोर कुठं पडतो, ते आठवा. चेंडू जाऊ द्या. या हातानं जन्मभर काय केलं?"

पुतळाबाई गोंधळली. दाराशी उभा खंडेराव म्हणाला, "शेरडाची धार काढायची की. तांबडीची."

तांबडीचं नाव निघालं आणि पुतळाबाईनं पुन्हा डोळे मिटले. माळावरची थंडीची सकाळ. करडाला आधी कासेला लावायचं, पान्हा आला की बाजूला ओढायचं. ऊबदार, जरासं खरबरीत सड. वर अंगठा आवळायचा, मग एकेक बोट मिटत खाली यायचं. चरवीत धारेचा आवाज.

मोजा मिटला.

"हां मावशी!" सई ओरडलीच. "आता थांबा. हात सैल सोडा."

मोजा उघडला आणि लगेच पुन्हा मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. सईनं दोनदा हाक मारली. पुतळाबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं.

"काय झालं मावशी? दुखतंय का?"

"नाय गं. बाजाराच्या दिवशी मी तिची धार काढलीच नव्हती. करडाला समदं पिऊ दिलं, अन् मग तिला टेम्पोत चढवलं. ते राहिलं होतं." तिनं डाव्या हातानं गाल पुसला. "थांबू कशी?"

सईनं त्या दिवशी तिला थांबवलं नाही.

पावसाळा सरून थंडी आली तरी हे चालू होतं. रोज पुतळाबाई टोपी घालायची आणि माळावर जायची. सई म्हणायची, धार काढा, ती काढायची. सोडा म्हटल्यावर आता सोडायलाही शिकली होती. हात पहिल्यासारखा काही झाला नाही. पण बोटं मोज्याशिवाय थोडी मिटू लागली. भाकरीची कड उजव्या हातानं दाबून धरायची आणि डाव्यानं तुकडा मोडायचा, एवढं जमलं. ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी ती खंडेराव भाकरी मोडून देईपर्यंत थांबली नाही. पहिल्यांदाच त्याच्या आधी जेवून मोकळी झाली.

प्रयोग संपला, टोपी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर गेली. "आता घरीच करत जा," सई म्हणाली. "डोळे मिटायचे आणि आतून करायचं. त्याला मशीन लागत नाही."

म्हणून दुपारी ती खोलीत भिंतीला टेकून, डोळे मिटून बसते. बाहेर मिक्सर घरघरत असतो, नव्या बिल्डिंगीचा स्लॅब पडत असतो. रात्रपाळी करून आलेला खंडेराव कुशीवर वळून विचारतो, "कुठवर आलीस?"

"टेकाडाच्या अंगाला. कळप अजून बसल्याला हाय."

"मंग जरा दम धर," असं म्हणत तोही डोळे मिटतो. "आलोच मी."