रंगनाथनं मला टेस्टच्या गाडीवर बसवलं

माझा दीर रंगनाथ आज सकाळी मेला.
"देवाज्ञा झाली" वगैरे मला लिहिता येत नाय.

तेव्हापास्नं आत-बाहेर करतेय. एका जागी बसवत नाय.

एमआयडीसीत दुचाकी गाड्यांच्या कंपनीत तो टेस्ट रायडर होता. बाजारात यायच्या आधी नवी गाडी पळवून पळवून तिच्यातली खोट शोधायची, हे त्याचं काम.

एका वर्षी कंपनी मोठ्या इंजिनची स्पोर्ट गाडी बनवत होती. चालवणारा पुढं वाकलेला, मागची सीट माकडाच्या बुडाएवढी.

मागच्या माणसाच्या वजनाची वाळूची पोती बांधून टेस्ट व्हायची. सगळं पास. साहेब खूश, लाँच जवळ आलेलं.

एकटा रंगनाथ अडला. घरी मला म्हणला,
"वैनी, आपल्याकडं बाई दोन्ही पाय एका अंगाला टाकून बसती. पोतं तसं बसतं का?"

साहेब त्याला म्हणाला, "स्पोर्ट बाइक आहे, साडीवाली कशाला बसेल? रिपोर्टवर सही कर, नाहीतर टेस्टिंग सोड."

त्या रात्री रंगनाथ घरी येऊन जेवला नाय. नुसत्या येरझाऱ्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी घेऊन दारात हजर. बाहेरचं माणूस बसवलं तर नोकरी जाती, हे त्याला पक्कं ठाऊक.

"चला वैनी."
"कुठं, मरायला?"
"व्हय. पदर खोचा."

पैठण रोडला वेग धरला आन् गाडीचं मागचं अंग असं हलाया लागलं, जशी दावं तोडणारी म्हैस. मी त्याच्या पाठीत गुद्दे घातले. शिव्या वेगळ्या.

तो हसतोय! "सापडलं वैनी, सापडलं!"

तसाच मला घेऊन कंपनीच्या गेटावर. साहेब लालबुंद. "कुणाला विचारून बाईला बसवलं?"

मी म्हणलं, "साहेब, तुमी बसून बघा की माझ्यावानी. पॅन्ट फाटत नाय."

बसला बिचारा, दोन्ही पाय एका अंगाला. रंगनाथनं एक चक्कर मारून आणला. उतरला तेव्हा तोंडाला रंग नव्हता.

लाँच थांबलं. मागची चौकट बदलली, धरायला कडी आली.

रंगनाथला काय मिळालं? मेमो. बाहेरची बाई बसवली म्हणून.
त्या मेमोवर मात्र त्यानं लगेच सही केली.

माती दुपारी चारला हाय. गाडीवर येणारांनी दमानं या. मागं बाई असंल तर अजून दमानं.

जा रंगनाथा. वैनीचा रामराम घे.