काळी बोटं

लग्न होऊन तळोद्याला आले तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझी अक्कल सातची. आम्ही जातीनं सोनार, पण वडील शाळामास्तर. माहेरी भट्टी कधी पेटलीच नाही. त्यामुळे सासऱ्यांचं काम मला जादूटोण्यासारखं वाटे. मोडीत आलेली भेसळीची चांदी ते तेजाबात टाकत आणि ती साखरेसारखी विरघळून जाई. मग त्यात पाणी घालून तांब्याची पट्टी सोडली, की शुद्ध चांदी राखाडी चिखल होऊन तळाशी बसे. हे शहाणपण मला नंतर आलं. कशापायी आलं, ते सांगते.

एका बाजारच्या दिवशी डोंगरातून एक बाई आली. लेकीच्या लग्नासाठी तिला गळ्यातली हासळी घडवून हवी होती, म्हणून तिनं स्वतःच्या पायांतली कडी काढून दिली. डोंगरातल्या लोकांची रीत अशी, की चांदी सोनाराला दिली तरी तिच्यावरची नजर काढायची नाही. तीही ओट्यावर ठाण मांडून बसली.

कडी वाडग्यातल्या तेजाबात विरली, पाणी घालून झालं, तांब्याची पट्टी सोडायची तेवढी राहिली, आणि सासरे जेवायला उठले.

"पोरी, वाडगाकडे ध्यान ठेव. हात नको लावजो," म्हणाले.

बाईला कडी दिसेनात. ती घाबरून पुढं झाली आणि वाडग्याच्या काठाला धरून आत डोकावली. झालं, माझ्या लेखी वाडगा बाटला. आत चांदी मलाही दिसत नव्हती, नुसतं निळसर पाणी. मी ठरवून टाकलं, चांदी केव्हाच काढून झालीय, हे उरलंय ते धुवण. केवढी मी सोवळ्याची. उचलला वाडगा आणि अंगणात ओतला. बोटांवर सांडलं ते चुरचुरलं, पदराला पुसलं.

बाईच्या ओरडण्यानं सासरे उष्ट्या हातानं बाहेर आले.

"पानी कथं गय?"

"हिनं लवंडलं," मी म्हणाले. एवढी हजरजबाबी मी वडिलांच्या शाळेत कधी नव्हते.

ती तिच्या बोलीत माझ्याकडं हात करून सांगत राहिली. सासऱ्यांना ती बोली समजत होती, पण घरची सून खोटं बोलेल असं त्यांच्या मनात आलं नाही. मातीतून निघेल तेवढं तुझं, असं त्यांनी तिला सांगितलं आणि फावड्यानं अंगण खरवडायला घेतलं. ती उघड्या पायांनी डोंगराकडं गेली. आणि मी बया रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना वाढताना माझा हात त्यांच्या ताटावर आला. तीन बोटं कोळशासारखी काळी. त्यांनी घास खाली ठेवला.

"तेजाबनी चांदी जेले लागस, तेन्हा हात ऊनमा काया व्हतस," ते शांतपणे म्हणाले. "पुढला बाजारले ती येई. तवय तिन्हा हात दखूत."

म्हणजे तेजाबातली चांदी लागलेला हात उन्हात काळा पडतो, आणि पुढच्या बाजारी ते तिचे हात बघणार होते. आठ दिवस मी राख, चिंच, लिंबू घेऊन बोटं घासली. घरातली भांडी लखलखली, बोटं नाही.

बाई आली. तिचे हात स्वच्छ होते. सासऱ्यांनी ते पाहिले. मग ते माझ्या पायांकडं बघत राहिले. मी पैंजण काढून भट्टीजवळ ठेवले. स्वतःहून ठेवले असं लिहायला आवडलं असतं. मग त्यांनी तिच्या बोलीत तिला सगळं सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण मान वर करवेना.

मातीतून निघालेली चांदी आणि माझे पैंजण मिळून तिची हासळी झाली. दिवसभर ती समोर बसून होती. निघताना तिनं पाणी मागितलं. आमच्याकडं अशांना वरून पाणी ओतायची पद्धत. मी तांब्या आणला, तिनं ओंजळ धरली. तांब्याभोवतीची माझी बोटं तिला दिसली.

तिनं ओंजळ मागं घेतली. हासळी लुगड्याच्या गाठीत बांधली, सासऱ्यांना काहीतरी म्हणाली आणि चालू लागली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"पानी नाल्यावर पी लिसू म्हने," सासरे म्हणाले.