देवसिंग सरांची साइट

देवसिंग सर परवा गेले. त्यांच्याशी मी एक मोठं खोटं बोलले होते.

रडारड करायला ही पोस्ट लिहीत नाहीये. सरांच्या पोराने, विकासने, आज मेसेज करून एक प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर द्यायचंय. इनबॉक्समध्ये दिलं असतं तर पुन्हा सारवासारव केली असती. ओळखते मी स्वतःला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 2003-04 च्या सुमारास हिंगोलीत माझं सायबर कॅफे होतं. चार मशिन, एक यूपीएस, आणि इंटरनेट म्हणजे आलं तर आलं.

सर औंढ्याकडच्या एका बंजारा तांड्यावर शिक्षक. दर रविवारी एसटीने यायचे. दारात आधी मला जय भीम घालायचे, मग चप्पल काढायचे.

"सर, देऊळ न्हाई हे."

"शाळा बी देऊळ न्हाई. तिथं काढतोच ना."

त्यांना स्वतःची वेबसाइट हवी होती. गावात धड कुणाकडे ई-मेल नव्हता, अन् हे म्हणतात साइट काढा!

तांड्यावरच्या बायकांची लग्नातली गाणी त्यांना लावायची होती. गोरमाटी बोलीतली. आधी वहीत लिहिली होती, ती वाळवीने खाल्ली.

"इंटरनेटला वाळवी लागत न्हाई, ताई."

एका फुकटच्या होस्टिंगवर साइट काढली. देवनागरी नीट दिसायची नाही, म्हणून गाणी इंग्रजी अक्षरांत. सर सांगायचे, मी टाइप करायची. पान वर चढता चढता लाइन तुटायची, की पुन्हा पहिल्यापासून. मी वैतागायची.

सर म्हणायचे, "होऊन राहिलंय ना, होऊ द्या."

एकदा ते आईलाच घेऊन आले. याडी म्हणायचे तिला. सत्तरी ओलांडलेली बाई, कोपरापर्यंत बांगड्या. स्क्रीनसमोर बसली आणि सरळ गायलाच लागली. गिऱ्हाइकं आपापली कामं सोडून बघत बसली.

दर ओळीला थांबायची.

"लिवलं का गं?"

"लिवलं, आजी."

"बराबर लिवलं का?"

त्या दिवशी चौदा गाणी झाली. ती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती, आणि याडीशिवाय कुणाला येतही नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात याडी वारली. दोन दिवसांनी सरांचा एसटीडीवरून फोन.

"ताई, साइट बंद करा. दिवस होईस्तोवर."

"काहून?"

"सुतक हाय. घरात दुःख अन् तिकडं लग्नाची गाणी उघडी, बरं दिसंल का?"

"सर, वेबसाइट हाय ती. लाउडस्पीकर न्हाई."

"तरी बी."

आमच्या घरी सुतक पाळत नाहीत. हसू आलं मला. पण माणसाची आई गेलेली, म्हटलं करू.

नुसतं पहिलं पान काढून भागत नव्हतं, आतली पानं थेट उघडायची. म्हणून सगळी साइट तीन नंबरच्या मशिनवर उतरवून घेतली, सर्व्हरवरून पुसली, आणि तिथे एकच पान ठेवलं. "दुःखद घटनेमुळे बंद आहे." दुकानाच्या शटरवर कागद लावतात तसं.

त्याच आठवड्यात व्हायरस आला. व्हायरस आला की आमच्याकडे एकच इलाज, फॉर्मॅट मारा. मी चारही मशिन फॉर्मॅट मारल्या.

तीन नंबरचीसुद्धा.

फ्लॉपीवर कॉपी नव्हती. लोकांना बॅकअपचं ब्रह्मज्ञान सांगणारी मी, स्वतः कोरडी पाषाण! आठवलं तेव्हा फॉर्मॅट मारून झालं होतं.

दिवस झाल्यावर सर आले. डोकं भादरलेलं, टोपी घातलेली.

"उघडा ताई आता."

मी म्हटलं, "सर, होस्टिंगवाल्यांनी उडवली. फुकटचं असतं, त्यांचा काय भरोसा."

इतकं सहज निघालं तोंडातून.

मला वाटलं सर चिडतील. ते खुर्चीत बसले. टोपी सारखी करत म्हणाले,

"आपण त्यांला सुतकाचं कळवलं न्हवतं. त्यांला वाटलं असंल, बंदच पडली. चूक आपलीच हाय."

मग त्या अमेरिकेतल्या कंपनीला मेल सुरू झाले. सर सांगणार, मी टाइप करणार. सुतकाचं कळवलं नाही ही चूक माझीच, पण माझ्या आईची गाणी तुमच्याकडे राहिली आहेत, मेहरबानी करून परत करा. तिकडून मशिनचं ठरलेलं उत्तर यायचं, तुमची तक्रार मिळाली. सर त्याची प्रिंट मागायचे.

"मिळाली म्हणतेत. म्हंजे बघून राहिलेत."

मी प्रिंट काढून द्यायची. असं वर्षभर चाललं. दर रविवारी ठरवायची, आज सांगून टाकू. तेवढ्यात ते म्हणायचे, "ताई, तुमाला लई तकलीफ देऊन राहिलो." की मी पुन्हा टाइप करायला लागायची.

लाज वाटते. तेव्हाही वाटायची.

पुढे कॅफे बंद झालं, मी नांदेडला आले, आणि विषय संपला असं मी धरून चालले.

आज विकासचा मेसेज. "आत्या, पप्पांच्या कपाटात प्रिंटांची फाइल निघाली. वर लिहिलंय, 'याडीची गाणी. अमेरिकेत सुखरूप.' आता मी कुणाला मेल करू?"

विकास, कुणालाच करू नको बाळा.

अमेरिकेत काही नाही. कंपनीने काही केलं नाही. तुझ्या पप्पांचंही काही चुकलं नव्हतं. तुझ्या आजीची गाणी मी पुसली, माझ्या हाताने, आणि वरून खोटं बोलले.

सकाळपासून आठवून बघतेय. चौदा गाण्यांतली एकही ओळ आठवत नाही. मला ती बोली कळतच नव्हती रे, मी नुसती अक्षरं मारत होते.

फाइल फेकू नको. पण वरची ओळ खोड आणि खरं काय ते लिही. माझं नाव घालून लिही.

सर, श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही. वर्षभर माझ्यासमोर बसून तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात आणि मी तो टाइप करत राहिले.

माझं चुकलं, सर.